महाद्वार रोड, व्हाया ॲमस्टरडॅम

माझा उजवा गुडघा दुखतो हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की आमच्याकडे सल्ले सुरू होतात, आणि सल्ल्यांनी गुडघा बरा झाल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा एका रात्री सगळे झोपल्यावर मोबाइललाच हळूच विचारलं, 'जिना उतरताना गुडघ्यात कटकन वाजतं, काय असेल?' सकाळी बातम्या उघडल्या तर मधोमध गुडघ्याचा पट्टा. आळूवडीची कृती उघडली, तिथे गुडघ्याचं तेल. दुपारी स्टाफरूममध्ये एका तरुण सहकारी बाईंना पैठणीचा फोटो दाखवायला फोन पुढे केला, तर पैठणीच्या आधी 'पन्नाशीनंतर सांधेदुखी? लाजू नका!' असं ठळक अक्षरांत आलं. तोवर मी लाजत नव्हते. तिथून लाजायला लागले.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राचे एक सर आहेत. त्यांना सगळं माहीत असतं. पेपर तपासता तपासता, मान वर न करता ते म्हणाले, "मॅडम, व्हीपीएन लावा. कोणाला तुमचा थांगपत्ता लागणार नाही. मी केव्हाचा लावलाय." सर तो इंग्लंडमधलं कौंटी क्रिकेट बघण्यासाठी वापरतात, हे मला फार उशिरा कळलं.

घरी आल्यावर पुण्यातल्या भाच्याला फोन केला. तो हिंजवडीत कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. त्याने टनेल, सर्व्हर, एन्क्रिप्शन असं बरंच सांगितलं. मुळात हे प्रकरण घरून किंवा बाहेरगावाहून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडून घेण्यासाठी नव्वदच्या दशकात आलं, वगैरे. मी हं हं करत होते. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "थांब. म्हणजे मिरजेची आत्या!"

लग्न करायचं हे आम्ही दोघांनी ठरवलेलं, पण वडिलांना कळवायचं बाकी, अशा काळातली ही गोष्ट. आमचे हे पुण्यात हॉस्टेलवर, मी कोल्हापुरात. पोस्टमन पत्र देणार वडिलांच्याच हातात. म्हणून मिरजेच्या आत्याला मध्ये घातलं. ह्यांना लिहिलेलं पत्र मी मोठ्या पाकिटात घालून आत्याच्या नावे टाकायचे. आत्या आतलं पाकीट काढून, मागे स्वतःचा पत्ता घालून पुण्याला रवाना करायची. ह्यांचं उत्तर मिरजेला यायचं आणि तिथून नव्या पाकिटात, आत्याच्या अक्षरात, माझ्याकडे. वडिलांना दिसायचं ते एवढंच, की पोरीचा आणि आत्याचा पत्रव्यवहार जोरात चाललाय. त्यांना कौतुकच वाटायचं. तिकडे हॉस्टेलच्या रेक्टरना दिसायचं की पत्र मिरजेहून आलंय. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही.

तर हा व्हीपीएन. वडील म्हणजे आपली इंटरनेट कंपनी, रेक्टर म्हणजे पलीकडची वेबसाइट. पत्र शेवटी कुठे जातंय हे वडिलांना कळत नाही, आणि मुळात कुठून निघालंय हे रेक्टरना.

यातली गोम मला साखरपुड्याच्या दिवशी कळली. पहिल्यांदाच समोर आलेल्या आमच्या ह्यांना आत्याने पेढा दिला आणि मायेने विचारलं, "मेसवाल्याने तेल बदललं का रे? जळजळ कमी आहे ना आता?" ह्यांची ॲसिडिटी हा आमच्या प्रेमपत्रांचा मुख्य विषय होता, आणि तो त्या पत्रांबाहेर कोणालाच ठाऊक नव्हता. आत्या चहाच्या आधणावर पाकीट धरायची.

भाचा खूश झाला. "मावशी, बरोब्बर! वडिलांपासून लपवलं म्हणजे कोणालाच कळलं नाही असं नसतं. कळणारा माणूस बदलतो फक्त. आता एवढं कर, आतल्या पाकिटाला लाख लावलीय असं समज. ते एचटीटीपीएस. हल्ली जवळजवळ सगळ्या साइटना असतं. म्हणजे आत्याला आतल्या पाकिटावरचा पत्ता दिसेल, मजकूर नाही."

"मग माझा बँकेचा पासवर्ड?"

"तो आधीपासूनच लाखेच्या आत आहे. व्हीपीएन असो नसो."

"आणि गुडघा?"

"गुडघा तू स्वतःच्या नावाने लॉगिन करून विचारलास ना? मग पाकीट कुठूनही पाठव, खाली सही तुझीच आहे. एअरपोर्टवर, हॉटेलात अनोळखी वाय-फाय वापरणार असशील तर ठीक. तुला कशाला हवाय पण?"

या प्रश्नावर माझी रेंज गेली.

प्ले स्टोअरवर 'फ्री व्हीपीएन' असं टाकल्यावर फुकट आत्यांची रांग लागली. कोणाच्या चित्रावर ढाल, कोणाच्या कुलूप, एकीवर गरुड. मी ढालवाली घेतली. तिने आल्या आल्या माझे कॉन्टॅक्ट मागितले. मग लोकेशन. मग फोटो. पत्र पोचवायला आत्याला माझे फोटो कशाला हवेत हा विचार मनात आला होता, पण 'अलाऊ' दाबल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि पुढे जाणं भाग होतं, कारण मला माझी माहिती सुरक्षित ठेवायची होती. प्रत्येक वेळी जोडणी होण्याआधी अर्ध्या मिनिटाची जाहिरात लागायची. कशाची, ते सांगत नाही.

भाच्याला स्क्रीनशॉट पाठवल्यावर त्याने कपाळाला हात लावलेली दोन चित्रं पाठवली आणि फोन केला. तो रागावला की आकडे सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. ३८ टक्के ॲपमध्ये मालवेअरच्या खुणा सापडल्या, ७५ टक्क्यांत वापरणाऱ्याचा माग काढणारे बाहेरचे तुकडे होते, आणि १८ टक्के ॲप तर एन्क्रिप्शनच करत नव्हती. म्हणजे आत्या पाकीट फेकून देऊन पोस्टकार्डच टाकत होती.

दुसरी गोष्ट ओनावोची. ही इस्रायली कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये घेतली. तिचं व्हीपीएन ॲप फुकट होतं, माहिती सुरक्षित ठेवतो म्हणायचं, आणि लोक कुठलं ॲप किती वापरतात ते फेसबुकला कळत राहायचं. व्हॉट्सॲप कसं झपाट्याने वाढतंय हे त्यांना त्यातून दिसत होतं. २०१४ मध्ये त्यांनी व्हॉट्सॲप घ्यायचं जाहीर केलं, १९ अब्ज डॉलरला. पुढे २०१८ मध्ये ॲपलने नियम दाखवल्यावर ओनावो त्यांच्या ॲप स्टोअरवरून काढावं लागलं.

हे ऐकून मिरजेच्या आत्याबद्दल मला भरून आलं. तिने वाचलं असेल, पण विकलं नाही. फार तर काकांना सांगितलं असेल.

मग मी पैसे भरून व्हीपीएन घ्यायचं ठरवलं. पानावर घड्याळ उलटं पळत होतं: सवलत संपायला अमुक मिनिटं, तमुक सेकंद. दोन वर्षांचे एकदम भरले तर महिन्याला चहाच्या एका कपाएवढे. घड्याळ शून्यावर यायच्या आत मी धावतपळत नाव, ईमेल, कार्डाचा नंबर, कार्डामागचा नंबर भरला, ओटीपी टाकला. ओळख लपवायला आपल्याविषयी इतकं सांगावं लागतं हे मला नवीन होतं. दुसऱ्या दिवशी ते पान सहज उघडलं तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून पळत होतं.

कंपनी कुठल्याशा बेटावर नोंदलेली होती, आणि 'आम्ही कसल्याही नोंदी ठेवत नाही' असं तिने तीन ठिकाणी लिहिलं होतं. भाचा म्हणाला, लिहिणं सोपं असतं. हाँगकाँगची एक कंपनीही असंच लिहायची. २०२० मध्ये तिच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या सापडल्या, ८९४ जीबी.

ॲपमध्ये देशांची यादी होती, शेजारी झेंडे. मी आधी भारत दाबला, आपलं माणूस म्हणून. तर शेजारी बारीक अक्षरात 'व्हर्च्युअल'. यामागे आपल्याकडचा एक नियम आहे. 'सर्ट-इन' या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की व्हीपीएन देणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेला आयपी आणि हे कशासाठी हवंय त्याचं कारण, असं सगळं लिहून ठेवायचं, आणि गिऱ्हाईक सोडून गेलं तरी पाच वर्षं जपायचं. सरकारचं म्हणणं, गुन्हेगार यामागे लपतात. कंपन्यांचं म्हणणं, नोंदी ठेवायच्या तर आमचा धंदा काय उरला? एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी एकापाठोपाठ एक भारतातले सर्व्हर उचलले. तेव्हापासून यादीतला 'भारत' पुष्कळदा सिंगापुरात असतो. माझाही तिथेच होता. कोल्हापुरात बसून कोल्हापूरचं लाईट बिल बघायचं, ते सिंगापूरमार्गे. कोणाचं बरोबर यावर माझं मत विचाराल तर मला दोघांचंही पटतं. वडिलांचंही पटायचं आणि आत्याचंही.

जायचंच परदेशात तर जवळ कशाला, असा विचार करून मी नेदरलँड्स निवडलं. अमेरिका घेता आली असती, पण तिथे नणंद आहे.

बटण हिरवं झालं आणि माझा फोन डच झाला. ज्या पानावर जावं तिथे आधी भली मोठी पाटी: दोन बटणं, एकावर 'आलेस अक्सेप्टेरेन', दुसऱ्यावर 'आलेस अफवेझेन'. एकाचा अर्थ सगळं घ्या, दुसऱ्याचा काही नको, एवढं उघड होतं. कुठल्याचा कुठला ते नव्हतं. युरोपातल्या लोकांना स्वतःची माहिती द्यायची की नाही हे ठरवायचा हक्क कायद्याने मिळालाय, तो मी रंगीत बटण दाबून रोज बजावत होते. हवामान बघावं तर सात अंश आणि पाऊस. चपलांची किंमत युरोत. वरचेवर 'तुम्ही यंत्रमानव तर नाही ना' अशी चौकशी, कारण त्या एकाच पत्त्यावरून माझ्यासारखे शेकडोजण येत-जात असतात आणि समोरच्याला संशय येतो. ते सिद्ध करायला चित्रांमधून फायर हायड्रंट ओळखायचे. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत वाढले. लाल दिसेल त्यावर बोट ठेवत गेले आणि वारंवार यंत्र ठरले.

एका सरकारी संकेतस्थळाने तर परदेशी बाई बघून दारच उघडलं नाही.

आणि गुडघा? तोही सुटला नाही. भाच्याने सांगितल्याप्रमाणे सही माझीच होती. फक्त आता पट्ट्याच्या जाहिरातीवर 'क्नीब्रेस' असं लिहून यायचं, खाली दाढीवाला डच गृहस्थ सायकलवर. कोल्हापुरात फुटलेली बातमी मी स्वखर्चाने युरोपात नेली होती.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण एका संध्याकाळी विम्याचा हप्ता भरायला नेट बँकिंग उघडलं, भरला, आणि तशीच खाली उतरून महाद्वार रोडच्या एटीएममधून पैसे काढले. घरी येईस्तोवर फोन वाजला.

"मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमच्या खात्यात परदेशातून लॉगिन झालंय."

आता गंमत अशी की आमच्या कॉलेजात एनएसएसच्या मुलांसमोर सायबर फसवणुकीवर व्याख्यान मीच देते. डिजिटल अरेस्ट, खोटे पोलीस, खोटे बँकवाले, सगळं पाठ. मी खुर्ची ओढून घेतली.

"अस्सं? कुठून झालंय?"

"नेदरलँड्स दाखवतंय, मॅडम."

"वा! आणि आता ओटीपी सांगू का?"

"नको मॅडम, ओटीपी कोणालाच सांगू नका."

"विश्वास बसावा म्हणून सगळे आधी असंच म्हणतात."

"मॅडम, खातं तात्पुरतं बंद केलंय. तुम्ही एकदा शाखेत या."

"कुठल्या शाखेत? कंबोडियाच्या? लाज नाही वाटत? घरी आईवडील आहेत ना तुमच्या? हे बघा, मी सायबर हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावतेय, त्यांनाच सांगा काय ते." आणि फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला, आणि सगळा संवाद सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिला. टाळ्या वाजवणारे हात इतके आले की खाली सरकवावं लागलं.

सकाळी दूधवाल्याला पैसे गेले नाहीत. भाजीवाल्याला गेले नाहीत. कार्ड चालेना. हे म्हणाले, "अगं, खरंच बँकेचा असला तर?" मी म्हटलं, "तुम्हाला पत्रातलं सुद्धा काही गुप्त ठेवता आलं नाही, तुम्ही बोलू नका." पण शाखेत गेले.

काचेच्या पलीकडे पंचविशीतला एक मुलगा होता. त्याने "बोला मॅडम" म्हटलं आणि मला आवाज ओळखू आला. मी नाव सांगितल्यावर त्यालाही माझा ओळखू आला असावा, कारण तो खुर्चीत जरा ताठ झाला.

"मॅडम, सहा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही ॲमस्टरडॅममध्ये होता का?"

"नाही."

"सहा वीसला महाद्वार रोडला?"

"हो."

"म्हणजे दहा मिनिटांत..." तो थांबला. दहा मिनिटांत कोल्हापुरातल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला पोचणंही त्याला पटत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आमचं घर मागच्याच गल्लीत आहे हे मी सांगितलं. मग व्हीपीएनचं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. "बँकेचं काम करताना ते बंद ठेवा, मॅडम," एवढंच म्हणाला. मग नव्याने केवायसी. फॉर्म, आधार, पॅन, फोटो, दोन दोन प्रती, प्रत्येकीवर सही. "बाहेर झेरॉक्स आहे. आणि मॅडम, आई असते माझी घरी. इथेच शाहूपुरीत."

झेरॉक्सच्या दुकानात अकरावी-बारावीची गर्दी. काउंटरवर पुठ्ठा: 'फाईल या नंबरवर पाठवा'. मालक मशीनमधून मान वर न काढता म्हणाला, "वैनी, व्हॉट्सॲप टाका."

त्याचा कॉम्प्युटर गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवलेला होता आणि व्हॉट्सॲप सताड उघडं. अख्खी पेठ त्यात होती. जातीचे दाखले, सातबारे, भाडेकरार, कोणाचा तरी हृदयाचा रिपोर्ट. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची सॅलरी स्लिप मी वाचली नाही, पण आकडा ठळक होता. या माणसाने आत्यासारखं चहाचं आधण ठेवायचीही गरज नव्हती.

मी मात्र तयारीने आले होते. साधं आधार द्यायचं नाही, मास्क्ड आधार द्यायचं, ज्यात नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात. २७ मे २०२२ ला आधारवाल्यांच्या बंगळूर कार्यालयाने पत्रक काढलं होतं, की आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका, मास्क्ड द्या. लोक घाबरले म्हणून दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं आणि 'नेहमीची काळजी घ्या' असं सांगितलं. पत्रक मागे गेलं तरी मी नाही. फाईल डाउनलोड केली, ऐटीत पाठवली.

"पासवर्ड मागतंय ओ वैनी."

"नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटल. मग जन्माचं वर्ष."

"साल कुठलं?"

मी पुढे वाकून हळू सांगितलं. मशीनचा आवाज चालू होता.

"कितीऽ? त्रेसष्ट?"

"एकोणसत्तर!" मी ओरडले. रांगेतल्या माझ्याच वर्गातल्या मुलींनी अत्यंत सभ्यपणे भिंतीवरच्या दरपत्रकाकडे नजर वळवली.

फाईल उघडली. त्याने ती निरखली आणि मान हलवली. "नंबर झाकलाय ओ ह्यात. असलं परत पाठवत्यात बँकवाले. थांबा, तुमचं फुल हाय माझ्याकडं." आणि माऊस गरागरा फिरवत तो मागच्या वर्षात गेला. "साहेबांनी टाकलंय बगा, लॉकरच्या टायमाला. हे आधार. हे पॅन. पोरीच्या ॲडमिशनचं हे तुमचं उत्पन्नाचं. फोटो सुदीक हाय, निळ्या साडीतला. किती काढू, दोन?"

"दोन," मी म्हटलं. मग एनएसएसच्या व्याख्यानातला आवाज काढून म्हटलं, "आणि ते सगळं डिलीट करा बघू. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर."

"करतो की," तो म्हणाला. "पण मग पुढच्या टायमाला पासवर्ड परत सांगायला लागंल, वैनी. मोठ्यानं."

मी मागे वळून रांगेकडे पाहिलं. दरपत्रक अजून वाचून झालं नव्हतं.

"राहू दे," म्हटलं.